देवाने सोपवलेले हुशार मूल



गेल्या वर्षी प्रथम कम्युनियनच्या तयारीचा वर्ग चालू होता. विषय होता आदाम आणि एवा यांच्या पतनाचा. आज्ञा मोडल्यावर आदाम झाडांमागे लपला आणि देवाने त्याला हाक मारून तो कोठे आहे असे विचारले, असे मी नेहमीप्रमाणे सांगत होतो. तेवढ्यात मागच्या रांगेतला चौथीतला एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "फादर, देवाला सगळं माहीत असतं ना? मग आदाम कुठं लपलाय हे त्याला ठाऊक नव्हतं का? आणि ठाऊक होतं तर विचारलं कशाला?"

वर्ग हसला. वेळ संपत आली होती आणि अजून मुलांच्या प्रार्थना पाठ करून घ्यायच्या होत्या. मी म्हणालो, "तू आधी 'हे आमच्या बापा' नीट म्हणून दाखव, मग असले प्रश्न विचार." तो खाली बसला. त्या दिवसानंतर वर्ग संपेपर्यंत त्याने एकही प्रश्न विचारला नाही, आणि मला वाटत राहिले की मुलगा आता शिस्तीला लागला.

खरे सांगायचे तर सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना याच प्रश्नावर आमच्या प्राध्यापकांनी अख्खा तास घेतला होता. सर्वज्ञ असलेला देव प्रश्न का विचारतो? आम्ही विशी ओलांडलेले विद्यार्थी वहीत उतरवून घेत होतो. इथे मोहोळमध्ये तोच प्रश्न एका नऊ वर्षांच्या मुलाने आपणहून विचारला आणि मी त्याला गप्प बसवले.

काही महिन्यांनी त्याची आई भेटायला आली. शेतमजुरी करणारी बाई. (तिची परवानगी घेऊन हे लिहीत आहे, नाव लिहीत नाही.) "फादर, ह्याचं काय करावं कळंना. शाळेतनं सारखी तक्रार येती. गणितं सगळ्यांच्या आधी करून मोकळा होतो आणि मग बाजूच्या पोरांच्या खोड्या काढतो. घरी घड्याळ खोललं, परत जुळवलं, पण एक स्क्रू उरला. ह्याचे वडील म्हणत्यात, लई शहाणपणा आलाय." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "गुरुजी म्हणले पाचवीला नवोदयचा फॉर्म भरा. भरावा का?"

आजचा पाठ या बाईच्या प्रश्नावर आहे. आपल्या धर्मग्रामात अशी मुले आणखीही असतील. ती नेहमी पहिलाच नंबर काढतात असे नाही. काही तर वर्गात मागे बसतात.

प्रथम शुभवर्तमानाकडे वळू. संत लूक यांच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी (२:४१-५२) बारा वर्षांच्या येशूची गोष्ट आहे. येशूच्या बालपणानंतर आणि सेवाकार्याआधी घडलेला एवढा एकच प्रसंग शुभवर्तमानांत आला आहे. आपण तो रोजरीच्या आनंदाच्या पाचव्या रहस्यात नेहमी म्हणतो, पण पालक म्हणून क्वचित वाचतो.

पवित्र कुटुंब वल्हांडण सणाला यरुशलेमला गेले होते. नाझरेथपासून हे अंतर शंभर किलोमीटरहून अधिक, म्हणजे पायी काही दिवसांची वाट. लोक गावकऱ्यांच्या आणि नातेवाइकांच्या तांड्याने जात. आषाढीला पंढरपूरकडे जाणाऱ्या दिंड्या आपण पाहतो, तशी ती गर्दी डोळ्यांपुढे आणा. लेकरू मामाबरोबर असेल, काकूबरोबर असेल असे सगळेच धरून चालतात. मरिया आणि योसेफ यांनीही तसेच धरले आणि एक दिवसाची वाट चालून गेल्यावर मूल सोबत नाही हे त्यांच्या लक्षात आले. जगातल्या सर्वांत पवित्र आईवडिलांचीही अशी चुकामूक झाली, हे वाचून मला तरी धीर येतो.

तीन दिवसांनी येशू सापडला तो मंदिरात, शास्त्र्यांच्या मध्ये बसलेला. लूक यांनी शब्द कोणत्या क्रमाने लिहिले आहेत ते पाहा. तो त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. त्याच्या उत्तरांचे लोकांना आश्चर्य वाटले ही गोष्ट त्यानंतर येते. चित्रकारांनी मात्र बहुतेक वेळा हात उंचावून उपदेश करणारा बाल येशू रंगवला आहे. आपल्या घरात तसले चित्र असेल तर ते राहू द्या, पण वचन पुन्हा वाचा. आणि त्या शास्त्र्यांचेही कौतुक करायला हवे. त्यांच्यापैकी कोणीही त्या मुलाला आधी प्रार्थना पाठ करून ये असे सांगितले नाही.

मग आईने विचारले की बाळा, आमच्याशी असे का वागलास. येशूचे उत्तर तुम्हाला माहीत आहे. त्याच्यापुढचे वाक्य आपण पटकन ओलांडून जातो. तो काय बोलला ते त्यांना समजले नाही, असे लूक स्पष्ट लिहितात. मरियेला समजले नाही! मुलाची बुद्धी आपल्या पुढे धावू लागली की पालकांना दोन प्रकारची भीती वाटते. एक, मूल हाताबाहेर जाईल. दुसरी, आपण त्याच्यापुढे अडाणी ठरू. दुसऱ्या भीतीतून पुष्कळ रागावणे येते, आणि ते आपल्यालाही कळत नाही. मरियेने न समजलेली गोष्ट रागाने झिडकारली नाही की समजल्याचे सोंग केले नाही. तिने ती मनात ठेवली. येशू त्यांच्याबरोबर नाझरेथला परत गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला, आणि पुढे लूक यांच्याच म्हणण्याप्रमाणे सुमारे तिसाव्या वर्षी त्याने कार्य सुरू केले. मधली अठरा वर्षे सुताराच्या घरात गेली. मंदिरातल्या शास्त्र्यांना थक्क करणारा मुलगा आहे म्हणून त्याला कोणी गावोगाव मिरवले नाही.

आता ज्याला आपण हुशार म्हणतो ते मूल ओळखायचे कसे? परीक्षेतले गुण ही एक खूण आहे, पण एकटी पुरेशी नाही. अमेरिकेत लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली बुद्धिमापन चाचण्या घेऊन सुमारे दीड हजार अतिबुद्धिमान मुले निवडली आणि पुढे आयुष्यभर त्यांच्या नोंदी ठेवल्या. त्यांतली पुष्कळजण चांगली शिकली, मोठ्या हुद्द्यांवर गेली. पण ज्यांना त्या निवडीत जागा मिळाली नव्हती अशा मुलांपैकी विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोघांना पुढे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि निवडलेल्या दीड हजारांपैकी ते एकालाही मिळाले नाही. चाचणी करणारे अप्रामाणिक होते असे नाही. चाळणीची भोके जेवढी असतात तेवढेच तिच्यातून निवडले जाते, इतकेच.

घरात दिसणाऱ्या खुणा वेगळ्या असतात. असे मूल लवकर वाचू लागते, किंवा एखाद्या विषयाचा ध्यास घेते आणि महिनोन्‌महिने सोडत नाही. त्याचे 'का' संपत नाहीत. अन्याय झाला की ते इतरांपेक्षा जास्त दुखावते, मग तो अन्याय कुत्र्याच्या पिलावर झालेला असो. आणि त्याची वाढ सारखी नसते, ही गोष्ट पालकांना सर्वांत गोंधळात टाकते. बुद्धी पंधरा वर्षांची, अक्षर सात वर्षांचे आणि रडणे पाच वर्षांचे, असे सगळे एकाच देहात असते. सकाळी ताऱ्यांविषयी बोलणारे मूल संध्याकाळी पेन्सिल मोडली म्हणून हंबरडा फोडते. "एवढा हुशार ना तू, मग रडतोस काय?" असे म्हणू नये. हुशारी आणि रडणे यांचा एकमेकांशी हिशेब नसतो.

आणि गप्प मूल मंद असते असेही नाही. संत थॉमस अक्वायनस यांना त्यांचे वर्गमित्र 'मुका बैल' म्हणून चिडवत. अंगाने धिप्पाड, बोलणे कमी. त्यांचे गुरू संत आल्बर्ट यांनी त्यांच्यात काय आहे ते ओळखले. घरच्यांनी मात्र त्यांच्या मठप्रमुख होण्याची स्वप्ने पाहिली होती. थॉमस यांनी भिक्षा मागणाऱ्या डोमिनिकन संघात जायचे ठरवले, तेव्हा घरच्यांनी त्यांना वर्षभर डांबून ठेवले. हे वैर नव्हते. मुलाविषयीची महत्त्वाकांक्षा आणि मुलावरचे प्रेम ही दोन्ही एकाच अंगणात वाढतात, आणि पिकात तण ओळखावे तशी ती वेगळी ओळखावी लागतात.

कौतुकाविषयीही थोडे लिहायला हवे, कारण आपण पाहुण्यांसमोर मुलाला उभे करून पाढे म्हणायला लावतो. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या संशोधकांनी पाचवीच्या मुलांवर केलेले काही प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काही मुलांना सांगितले की तुम्ही हुशार आहात, आणि काहींना सांगितले की तुम्ही मेहनत चांगली केली. पुढच्या वेळी 'हुशार' म्हटलेल्या मुलांनी अवघड काम टाळून सोपे निवडण्याकडे कल दाखवला. अवघड कोड्यांत अपयश आल्यावर ती अधिक खचली, आणि आपले गुण वाढवून सांगणारी मुलेही त्यांच्यातच जास्त निघाली. विचार केला तर कारण समजते. ज्याला हुशार म्हणून मिरवले त्याला चुकण्याची चोरी होते. चुकलो तर मी हुशार उरणार नाही, मग आई माझ्याकडे कशी पाहील? म्हणून कौतुक करायचे ते केलेल्या कामाचे करा. घड्याळ परत जुळवले याचे करा, आणि उरलेला स्क्रू कुठला ते त्याच्याबरोबर बसून शोधा.

जुन्या करारात दोन अंगरखे आहेत. याकोबाने आपल्या लाडक्या योसेफाला खास झगा करून दिला, आणि तो पाहून भाऊ त्याच्याशी धड बोलेनासे झाले (उत्पत्ती ३७). शेवट त्याला विकण्यात झाला. योसेफ स्वप्ने पाहणारा, बुद्धीचा मुलगा होता यात संशय नाही. पण घरात एकालाच झगा मिळाला. आपल्या घरातही असे होते. एकाला क्लास, एकाला दूध, एकाला शेतावरून सुटका, आणि बाकीच्यांना "त्याच्याकडून शिका जरा". यात दुसऱ्या मुलाचे तर नुकसान आहेच, पण त्या हुशार मुलालाही आपल्याच भावंडांत परके होऊन राहावे लागते.

दुसरा अंगरखा हन्नाचा. तिने शमुवेलला लहानपणीच एली याजकाकडे मंदिरात सोपवले आणि ती दर वर्षी त्याच्यासाठी छोटा अंगरखा करून घेऊन जाई (१ शमुवेल २:१९). वर्षभर न पाहिलेल्या मुलाच्या मापाचा कपडा शिवायचा, म्हणजे तो किती वाढला असेल हे आईने मनातच मोजायचे. ज्यांची मुले वसतिगृहात आहेत त्यांना हे वचन समजावून सांगावे लागणार नाही.

एली याजकाची गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. रात्री शमुवेलला हाक ऐकू आली, तो तीनदा धावत एलीकडे गेला. एली म्हातारा होता, त्याची नजर गेली होती, आणि स्वतःच्या मुलांना वळण लावण्यात तो सपशेल हरला होता. ती हाक त्याला स्वतःला ऐकूच आली नव्हती. पण या मुलाला काहीतरी ऐकू येते आहे हे त्याने ओळखले आणि उत्तर कसे द्यायचे ते त्याला शिकवले. "आम्ही अंगठेबहाद्दर, आम्ही काय वळण लावणार?" असे म्हणणाऱ्या पालकांनी एलीकडे पाहावे. मुलाला जे ऐकू येते ते तुम्हाला ऐकू आले पाहिजे अशी अट नाही. सॉक्रेटिस हा ग्रीक तत्त्वज्ञ स्वतःला सुईण म्हणवून घेई. त्याची आई सुईण होती. सुईण मूल घडवत नाही, ती ते सुखरूप बाहेर येऊ देते.

मुलींविषयी वेगळे लिहितो, कारण तिथे आपला दोष मोठा आहे. मत्तय २५ मधील रुपयांच्या दाखल्यात ज्याला फक्त एकच तालांत मिळाला त्याने तो जमिनीत पुरला. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वीस वर्षांची कमाई त्याने खड्ड्यात घातली. आपल्या भागात आठवी-नववीतल्या हुशार मुलीला "आता बास" म्हणतात तेव्हा काय पुरले जाते याचा हिशेब करून पाहा.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्या मराठी मातीतले आहे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले म्हणून त्यांच्यावर टीका झाली, आणि हे कुटुंब गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. लक्ष्मीबाई लहान रमेला पहाटे उठवून शिकवत, कारण दिवसभर घरचे काम आणि विद्यार्थ्यांचा राबता असे. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत फिरले, दुष्काळात आईवडील गेले, पण त्या पहाटेच्या शिकवणीवर १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुणीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८७ सालचे आपले इंग्रजी पुस्तक त्यांनी आईलाच अर्पण केले. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या कॅथलिक नव्हत्या, पण बायबलचे संपूर्ण मराठी भाषांतर करणाऱ्या या बाईचा अभिमान आपल्यालाही असायला हवा. सोलापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना केडगाव स्टेशन लागते, तिथे त्यांचे मुक्ती मिशन आहे. पुढच्या वेळी गाडीतून जाताना मुलीला खिडकीपाशी बसवा आणि ही गोष्ट सांगा.

आता नवोदयचा प्रश्न. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ग्रामीण भागातील बुद्धिमान मुलांसाठी ही निवासी विद्यालये देशभर पसरली. त्याआधी १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि आपल्या महाराष्ट्रातील अमरावती येथे पहिली दोन उघडली होती. सोलापूर जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय आपल्याच तालुक्यात पोखरापूरला आहे. पाचवीतील मुले निवड परीक्षा देतात आणि सहावीत प्रवेश मिळतो. एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० जागा असतात, त्यांपैकी किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी आणि एकतृतीयांश मुलींसाठी. राहणे, जेवण, शिक्षण यांचा भार सरकार उचलते. मजुराच्या मुलाला याहून चांगली संधी सहसा मिळत नाही, म्हणून फॉर्म जरूर भरावा, असे मी त्या बाईला सांगितले.

पण तिला आणखी काही सांगावे लागले. ८० जागांसाठी जिल्हाभरातून हजारो मुले बसतात. न निवडलेले मूल नालायक ठरत नाही, हे परीक्षेच्या आधी घरात बोलून ठेवा, निकालानंतर बोललेले मुलाला खोटे सांत्वन वाटते. दुसरे, दहा वर्षांच्या मुलाला विचारा. निर्णय पालकांचाच, पण त्याचे म्हणणे ऐकल्यावर घेतलेला. काही मुले पहिल्या दिवशी रमतात, काही सहा महिने रडतात, आणि काहींना खरोखर घरीच राहायला हवे असते. मुलाने परत यायचे म्हटले तर नातेवाईक काय म्हणतील, हा विचार बाजूला ठेवावा. निवड झाली नाही तर इथेच राहून शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, गुरुजी आहेत. सोलापुरात ज्ञान प्रबोधिनीचे केंद्र आहे. ही संस्था १९६२ साली पुण्यात डॉ. वि. वि. पेंडसे यांनी बुद्धिमान मुलांच्या शिक्षणासाठी सुरू केली, त्यांच्या अनुभवाचा उपयोग होऊ शकतो. एका मुलाने सगळे विषय घरीच शिकले पाहिजेत असे नाही. येशूलाही शास्त्र्यांकडे जाऊन बसावे लागले. मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणेत आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. ती जागा वसतिगृह घेत नाही आणि क्लासवालाही घेत नाही.

त्या दिवशी मुलाचे वडील बाहेर सायकल धरून उभे होते, आत आले नाहीत. मीच बाहेर गेलो. ते म्हणाले, "फादर, शिकला की आम्हाला विसरंल." या भीतीवर माझ्याकडे पाठ केलेले उत्तर नव्हते, आजही नाही. मी एवढेच विचारले की त्या घड्याळाचा उरलेला स्क्रू कुठला होता. ते म्हणाले, "मागच्या पत्र्याचा. मी बसवला ना." म्हणजे बापलेकाने तो मिळून बसवला होता, आणि बाईने हे मला सांगितले नव्हते.

मग मी मुलाला बोलावले आणि वर्गातल्या वागण्याबद्दल त्याची माफी मागितली. म्हणालो, "तुझा प्रश्न बरोबर होता. तुला स्वतःला काय वाटतं, देवानं का विचारलं असेल?" तो बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मी चिडून कॉटखाली लपतो तवा आई बी विचारती, कुठं हाईस. तिला माझे पाय दिसत असत्यात. मी आपणहून भाईर यावं म्हणून विचारती."

आमच्या प्राध्यापकांना याच उत्तरापर्यंत पोचायला एक तास लागला होता.

या महिन्यापासून दर रविवारी मिस्सानंतर चर्चच्या व्हरांड्यात अर्धा तास मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवला आहे. कोणताही प्रश्न चालेल, फक्त धर्माचाच हवा असे नाही. ज्यांचे उत्तर मला येणार नाही ते वहीत लिहून ठेवू आणि पुढच्या रविवारपर्यंत शोधू. ज्यांच्या घरी मुलांची जुनी पुस्तके, नकाशे, विज्ञानाची मासिके पडून असतील त्यांनी आणून द्यावीत. लहान ख्रिस्ती समूहांच्या या महिन्याच्या बैठकीत लूक २:४१-५२ वाचावे, आणि आपल्या मुलाने विचारलेला, आपण उत्तर न देता टाळलेला एक तरी प्रश्न प्रत्येक पालकाने आठवून सांगावा. बैठकीला वडिलांनीही यावे, सायकल आत लावायला जागा आहे.

तुमचा,
धर्मगुरू